पुन्हा वाचावे की आठवून पाहावे?

परीक्षा जवळ आली की तुम्ही धडा पुन्हा पुन्हा वाचता ना? अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ही सवयच तपासून पाहिली. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलेल्यांना पहिल्यातील ८१ टक्के, दुसऱ्यातील ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्याने विचारलेल्यांत मात्र पारडे फिरले : ४२ आणि ५६!

वारंवार वाचलेले ओळखीचे वाटते. पण ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे. म्हणून धडा वाचून झाला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर मुद्दे लिहा आणि मग काय राहिले ते पडताळून पाहा.