घड्याळाचा भरवसा

मंडळी, आपल्या बोनकोडे गावात कबड्डीचा सामना असला की साऱ्यांचे डोळे चढाईकडे असतात. पंचाचे लक्ष मात्र वेळेकडेही असते. एका चढाईला ३० सेकंदे मिळतात. एक सेकंद इकडेतिकडे झाला तर भांडण ठरलेलेच! असे सेकंद मोजण्याची सोय ज्या मनगटी घड्याळात असते, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ लिहिणारा. १८२१ साली पॅरिसमध्ये घोड्यांच्या शर्यतीत रियुसेक नावाच्या घड्याळजीने असे यंत्र वापरले. घोडा पोहोचला की तबकडीवर शाईचा ठिपका पडे. पुढे शाई गेली, नाव राहिले. आता वरचे बटण दाबले की काटा निघतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे बटण दाबले की तो शून्यावर येतो.

या घड्याळावर माणसांचे जीवही अवलंबून राहिले आहेत. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेचे अपोलो १३ हे यान तीन माणसांना घेऊन चंद्राकडे निघाले होते. वाटेत प्राणवायूची टाकी फुटली. वीज वाचवण्यासाठी बरीच यंत्रे बंद करावी लागली. परतीची वाट नीट धरण्यासाठी इंजिन १४ सेकंदे चालवायचे होते. ती सेकंदे एका अंतराळवीराने मनगटावरच्या चावीच्या क्रोनोग्राफवर मोजली. तिघेही सुखरूप परत आले.

चावीच्या घड्याळात बॅटरी नसते. चावी दिली की आतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती उलगडताना चाके फिरतात. पट्टी एकदम उलगडू नये म्हणून एक लहान चाक पुढेमागे झुलते आणि चाकाचा एकेक दात सोडते. तीच टिकटिक. पुष्कळ घड्याळांत सेकंदाला ८ ठोके पडतात. म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके!

एवढे काम करायचे तर वंगण हवेच. बैलगाडीच्या आखाला वंगण नसले तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. घड्याळात चाकांची टोके माणकाच्या बारीक खड्यांत फिरतात. तिथे तेलाचा अगदी लहान थेंब असतो. काही वर्षांनी तो सुकतो. तरीही घड्याळ चालतेच, पण आतून झिजत जाते. "चालतंय ना, मग उघडायचं कशाला?" असे म्हणणारा शेवटी जास्त पैसे मोजतो. क्रोनोग्राफमध्ये तर साध्या घड्याळापेक्षा चाके व तरफा जास्त. म्हणून त्याची निगाही जास्त.

मग भरवशाचे घड्याळ कोणते? जे कधीच चुकत नाही ते? असे चावीचे घड्याळ मिळायचे नाही. जे रोज सारखेच चालते, ते भरवशाचे. रोज १५ सेकंदे पुढे जाणारे घड्याळ चांगले. कारण त्याची चूक आपल्याला ठाऊक असते. आज १० सेकंदे पुढे, उद्या दोन मिनिटे मागे, असे घड्याळ दुखणाईत समजावे.

हे ओळखायला तुमची वहीच पुरे. एके दिवशी सकाळी ७ वाजता मोबाइलवरच्या वेळेशी घड्याळ जुळवा. मग सात दिवस त्याच वेळी बघा. तारीख लिहा आणि घड्याळ किती पुढे वा मागे आहे ते लिहा. रोजचा फरक सारखा वाढला तर ठीक. एरवी ती वही घेऊन घड्याळजीकडे जा. "कधी कधी बिघडतं" या बोलण्यापेक्षा सात ओळींचा लेखी पुरावा त्याच्या जास्त उपयोगी पडेल.

निगा अशी ठेवावी:

१. हाताने चावी द्यायचे घड्याळ असेल तर रोज ठरावीक वेळी, मनगटावरून काढून, हळूहळू चावी द्यावी. घट्ट लागताच थांबावे.

२. काटा चालू असताना खालचे बटण दाबू नये. आधी थांबवावा, मग शून्यावर आणावा. बटण अडले तर जोर करू नये.

३. पाण्यात बटणे दाबू नयेत. आपल्याकडे खाडीचा वारा खारा, त्यात घाम. म्हणून रोज कोरड्या फडक्याने घड्याळ पुसावे. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजी गाठावा.

४. घड्याळ स्पीकर व लोहचुंबक यांपासून दूर ठेवावे. एकाएकी फार पुढे धावू लागले तर चुंबक लागला असावा. घड्याळजी तो थोड्या वेळात उतरवतो.

५. तारखेची सोय असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख बदलू नये.

६. चार-पाच वर्षांनी साफसफाई व तेलपाणी करून घ्यावे. "क्रोनोग्राफ उघडायची सवय आहे का?" असे आधी विचारावे. खर्च ठरवावा आणि चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठी आता तुम्हालाच वाचता येते!

प्रश्न

१. क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थ काय?

२. चालू असलेले घड्याळही साफ का करावे?

३. घरातल्या एका घड्याळाची सात दिवसांची नोंद वहीत लिहा.