आवडेल असे पुस्तक कसे शोधावे?



गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका समाजभगिनीने फोनवर विचारले, "सर, भारतातून येताना आणलेली पुस्तके वाचून झाली. ग्रंथालयातून काही आणले तरी चार पानांपुढे मन लागत नाही. आता काय वाचू?" आम्ही जन्मभर मराठीचे शिक्षक. लगेच यादी सांगू लागलो आणि दोन नावे सांगून थांबलो. हीच यादी आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो, आणि तिने एकदा मोठा घात केला होता. तो प्रसंग आधी सांगतो, मग पाठ.

कपाटात राहिलेले पुस्तक

१९८४ सालची गोष्ट. मुंबईच्या एका शाळेत आम्ही आठवीला मराठी शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा भूगोलाच्या पुस्तकात दुसरे पुस्तक लपवून वाचताना सापडला. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा होती. आम्ही ती काढून घेतली, कपाटात ठेवून कुलूप लावले आणि शाळेच्या ग्रंथालयातून 'श्यामची आई' आणून त्याच्या हातात दिली. तो हळूच म्हणाला, "सर, शेवटची दहा पानं राहिलीत. खुनी कोण तेवढं कळू द्या." वर्ग हसला. आम्ही दिले नाही.

'श्यामची आई' त्याने दोन दिवसांत परत केली, न उघडताच असावी. वर्ष संपले तेव्हा ग्रंथालयाच्या वहीत त्याच्या नावापुढे दुसरी एकही नोंद नव्हती. अर्नाळकर मात्र आमच्या कपाटात तसेच पडून होते.

'श्यामची आई'चा ह्यात काही दोष नाही. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघर ती वाचली गेली. चूक आमची. वाचणाऱ्या मुलाला आम्ही वाचनातून उठवले. आणि लाजेची गोष्ट ही की, बारा वर्षांचे असताना ठाण्याच्या घरी आम्हीही तेच अर्नाळकर पांघरुणात वाचले होते. झुंजार आणि काळापहाड आम्हांला शेजाऱ्यांइतके ओळखीचे होते. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचूनच आम्हांला मोठी पुस्तके वाचण्याचा दम आला आणि पुढे ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची (स्थापना १८९३) पायरी आम्ही चढलो. हे आम्ही शिक्षक झाल्यावर विसरलो.

पहिला धडा : आपली गोडी ओळखा

आपण म्हणतो, "मला कादंबऱ्या आवडतात," किंवा "मी फक्त चरित्रे वाचतो." हे अर्धेच खरे असते. कोणत्याही पुस्तकात आपल्याला धरून ठेवणाऱ्या मुख्य गोष्टी चार : माणसे, जागा, कोडे आणि माहिती. कोणाला माणसांच्या स्वभावात रस, कोणाला गाव-रान डोळ्यांपुढे उभे राहण्यात, कोणाला पुढे काय होणार ह्या उत्सुकतेत, तर कोणाला काही नवे समजण्यात. मागे आवडलेली तीन पुस्तके आठवा आणि त्यांत काय आवडले ते स्वतःला विचारा. उत्तर बहुधा एकच येते. तीच आपली गोडी. ती ओळखली की ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटातही ती सापडते.

दुसरा धडा : ओळखीच्या पुस्तकावरून अनोळखी पुस्तकाकडे

उदाहरणे देतो.

माणसे आवडणाऱ्यांसाठी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३६) आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असतील. संसारातले हाल इतक्या मोकळेपणाने आणि हसत सांगणारी बाई दुसरी विरळा. ती आवडली असेल तर विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' घ्या. हे भटजी आपल्या कुलाब्यातले, पेणजवळच्या वरसईचे. दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झांशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुस्तक १९०७ साली छापले गेले. नाव प्रवासाचे, विषय इतिहासाचा, पण गोडी तीच, एका साध्या माणसाने सांगितलेली आपली हकीकत. "इतिहास आम्हांला जमत नाही" म्हणणाऱ्यांनी येथून सुरुवात करावी.

जागा आवडणाऱ्यांसाठी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची आणि तेथे आलेल्या तरुण मास्तराची कादंबरी. ती आवडली असेल तर दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) उघडा. त्यात कथा नाही, महिन्यामहिन्याने पालटणारी सृष्टी आहे. आमच्यासारख्यांना, ज्यांचा डिसेंबर आता उन्हाळ्यात येतो, ते पुस्तक फार जवळचे वाटते. तेथून मग येथल्याच कॅथरिन मॅन्सफील्डच्या कथांकडे जावे. ती १८८८ साली वेलिंग्टनच्या थॉर्नडन भागात जन्मली. तिच्या कथांतली घरे, वारा आणि समुद्र आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत.

कोडे आवडणाऱ्यांसाठी. जॉन्सनव्हिलहून गाडीने शहरात जाताना खंडाला आणि सिमला क्रेसेंट ही स्टेशने मागे पडली की थोड्या वेळाने नायो लागते. त्याच झाडाचे नाव धारण करणारी नायो मार्श ही क्राइस्टचर्चची लेखिका. १९३४ ते १९८२ ह्या काळात तिच्या बत्तीस रहस्यकादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि बहुतेक जगभर वाचल्या गेल्या. अर्नाळकर वाचलेल्या माणसाला तिच्या इंग्रजीची भीती वाटण्याचे कारण नाही. खुनी कोण, हा प्रश्न सर्व भाषांत सारखाच.

माहिती आवडणाऱ्यांसाठी जयंत नारळीकर आहेत. आधी 'यक्षांची देणगी' (१९७९) हा विज्ञानकथांचा संग्रह वाचा, मग 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र. त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला खोट्या नावाने धाडली होती आणि तिला बक्षीस मिळाले. परीक्षकांनी कथा पाहिली, शास्त्रज्ञाचे मोठे नाव पाहिले नाही. पुस्तक निवडताना आपणही तसेच करावे.

तिसरा धडा : ग्रंथालयात काय करावे

जॉन्सनव्हिलचे आताचे ग्रंथालय 'वाइतोही' ह्या इमारतीत २०१९ च्या डिसेंबरात उघडले. शेजारीच पोहण्याचा तलाव आहे, त्यामुळे नातवंडे पाण्यात आणि आजी-आजोबा पुस्तकांत, अशी सोय होते. परंतु आत गेल्यावर आपण नेहमीच्याच कपाटापुढे उभे राहतो. म्हणून एक रीत सांगतो.

माहितीच्या पुस्तकांच्या पाठीवर आकडे असतात. ही मेल्विल ड्यूई ह्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशमान पद्धत. ५०० च्या घरात विज्ञान, त्यात ५९० ला प्राणी. ६४१ ला खाद्यपदार्थ. ७०० ला कला आणि खेळ. ९१० ला भूगोल व प्रवास, ९२० ला चरित्रे. दर खेपेस एक नेहमीचे पुस्तक घ्यावे आणि एक अशा घरातले, जेथे आपण कधी गेलो नाही.

पुस्तक हातात घेतल्यावर मलपृष्ठावरच्या स्तुतीवर विसंबू नये. अनुक्रमणिका पाहावी. पहिले पान वाचावे, मग मधले कोणतेही एक पान वाचावे. पहिले पान सर्वच लेखक जपून लिहितात, मधल्या पानावर खरा हात कळतो. घरी आणल्यावर तीस पाने वाचावीत. तोपर्यंत मन लागले नाही तर खुशाल परत करावे. ताटात वाढलेले टाकू नये हा संस्कार जेवणापुरता ठीक, पुस्तकाला तो लावू नये. पुढे कधी तेच पुस्तक आवडूही शकते.

ग्रंथपालाला विचारतानाही "एखादे चांगले पुस्तक द्या" म्हणू नये. "मला अमुक पुस्तक आवडले, त्यातले अमुक आवडले, तसे दुसरे काय आहे?" असे विचारावे. मद्रासचे थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतल्या दोघांचा आशय असा की, प्रत्येक वाचकासाठी कोठेतरी त्याचे पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकासाठी त्याचा वाचक. १९८४ साली हे आम्हांला ठाऊक होते. डी.एड.च्या परीक्षेत आम्ही ते लिहिलेही होते.

आपल्या घरची पुस्तके

आपला समाज लहान, तरी त्याची पुस्तके एकाच प्रकारची नाहीत. १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह सचित्र हगादा छापला गेला. त्यातली चित्रे मुलांना दाखवावीत अशी आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत १८९७ साली लिहून पुरा केला. तो तेल अवीव येथे छापला गेला १९३७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. कवितेत निस्सीम इझिकेल ह्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मीरा महादेवन ह्यांची 'अपना घर' (१९६१) ही हिंदी कादंबरी, इस्राएलला जावे की भारतात राहावे ह्या प्रश्नाने हललेल्या घराची. सामान बांधताना आपल्या घरांत जी भांडणे झाली ती तेथे सापडतील. एस्थर डेव्हिड ह्यांच्या 'बुक ऑफ रेचल' ह्या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणातल्या गावात एकटी राहिलेली एक विधवा तेथले सिनेगॉग सांभाळते आणि त्याच्या जागेसाठी झगडते, अशी कथा. विशेष म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती आहे. ज्यांनी आजवर कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'शिवाय (१९७०) दुसरे पुस्तक हाती धरले नाही, त्यांना ह्या कादंबरीत शिरायला स्वयंपाकघराचे दार उघडे आहे.

नातवंडांचे काय?

ज्यासाठी हा पाठ लिहिला ती गोष्ट आता सांगतो. आमची नात अकरा वर्षांची. मराठी समजते, मोडके बोलते, पण तिला अक्षर वाचता येत नव्हते. आम्ही पुन्हा तेच केले. 'श्यामची आई' काढली आणि वाचून दाखवू लागलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, आज नको ना." तो आवाज आम्ही ओळखला. शेवटच्या बाकावरचाच तो.

आम्ही पुस्तक मिटले. पुढल्या शब्बाथच्या दुपारी, फोन आणि टीव्ही बंद असताना, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' काढला. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याला शिकायला येतो आणि जेथे जातो तेथे काही ना काही भानगड ओढवून घेतो. भानगड ऐन रंगात आली तेव्हा आम्हांला खोकला आला आणि वाचन थांबले. खोकला थोडा खोटा होता. ती चिडली. "मग पुढे काय झालं?" आम्ही म्हणालो, "पुस्तक तेथे आहे. अक्षरे शिकवू का?"

ह्याला आता आठ महिने झाले. ती बोट ठेवून वाचते, जोडाक्षरांना अडखळते, पण वाचते. 'श्यामची आई' फळीवर आहे. तिची वेळ येईल तेव्हा येईल, न आली तरी आम्ही रागावणार नाही. मराठी पुस्तकांचे खोके आपल्या पश्चात कोण उघडणार, ही काळजी आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. आम्हांला वाटते, मुलांच्या हाती पहिले पुस्तक त्यांच्या गोडीचे द्यावे. आपल्या अभिमानाचे पुस्तक मागाहून देता येते.

एक सूचना

नाशिकच्या विनायक रानडे ह्यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. निरनिराळ्या प्रकारच्या पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. पेटीत काय निघेल हे आधी ठाऊक नसल्यामुळे माणूस एरवी न घेतलेले पुस्तक वाचतो. ह्या पेट्या परदेशांतही गेल्या. आपणही चार-पाच कुटुंबांनी मिळून एक लहान पेटी करावी. प्रत्येकाने तीन पुस्तके घालावी आणि तिन्ही वेगळ्या प्रकारची असावी.

स्वाध्याय

१. मागे आवडलेली तीन पुस्तके लिहा. प्रत्येकात काय आवडले ते एका वाक्यात सांगा.
२. ग्रंथालयातल्या आजवर न पाहिलेल्या एका कपाटातून एक पुस्तक आणा. तीस पाने वाचा, मगच निर्णय घ्या.
३. घरातल्या एका मुलाला विचारा, "तुला कसली गोष्ट आवडते?" उत्तर ऐकून घ्या, मधे बोलू नका.
४. आपण कोणाचे पुस्तक कधी काढून घेतले असेल आणि ते माणूस अजून भेटत असेल, तर ते परत करा.

चौथा प्रश्न आम्हांला सोडवता येणार नाही. त्या मुलाचा पत्ता आमच्यापाशी नाही. शाळा सोडताना आम्ही ते पुस्तक कपाटातून काढून बरोबर आणले, ते येथे जॉन्सनव्हिलला आमच्या फळीवर आहे. शेवटची दहा पाने आम्ही अजून वाचलेली नाहीत.

आपल्या पेटीत कोणती तीन पुस्तके घालाल ते अवश्य कळवावे, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, जॉन्सनव्हिल