ऑनलाइन अध्यापन : आधी पाठ, मग बैठक

ऑनलाइन अध्यापनात शिकणाऱ्याच्या हाताला काय जमले, हे मला महत्त्वाचे वाटते. स्तनपानाचेच उदाहरण घेऊ. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असणे, हनुवटी स्तनाला टेकणे, खालचा ओठ बाहेर वळलेला असणे, ही लक्षणे एकदा पाहून मनात ठसत नाहीत. थेट बैठकीत नेटवर्क क्षीण असेल तर चित्र थबकते. पकड चुकली की बाळाला दूध कमी मिळते व वजन वाढत नाही. म्हणून हा भाग रेकॉर्ड केलेल्या पाठाने शिकवावा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने झालेले असे पाठ मराठी व हिंदीत आहेत. सावरगावसारख्या सीमावर्ती गावांतील आशा कार्यकर्तींना ही मोठी सोय होय.

झूमची विनामूल्य बैठक ४० मिनिटांची असते. ती व्याख्यानात न घालविता प्रत्येकीकडून कॅमेऱ्यासमोर बाहुलीवर पकड करवून घ्यावी व चूक तेथेच सुधारावी. बैठक रेकॉर्ड करण्यापूर्वी सर्वांस कळवावे. माता-बालकांचे चित्रण मातेच्या लेखी संमतीखेरीज करू नये. आपल्या सभासदांनी दरमहा अशी एक बैठक घ्यावी, ही विनंती.