हळू हात आणि उडती तबकडी

मुलांनो, प्लॅस्टिकची गोल तबकडी हवेत भिरकावण्याचा खेळ तुम्ही कधीतरी खेळला असाल. निदान बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर कोणालातरी खेळताना पाहिले असेल. आकाशातून येणाऱ्या ज्या अनोळखी यानाला मराठीत 'उडती तबकडी' म्हणतात, त्याला तुम्ही उर्दूत 'उडनतश्तरी' म्हणता. तबकडी म्हणजे तश्तरीच, हे ध्यानात ठेवा.

या तबकडीचा एक खेळ अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. त्याचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारतात आणि जमिनीतील खळग्यात घालतात. येथे काठीही नाही आणि चेंडूही नाही. एका खांबाला साखळ्या लटकवलेल्या असतात व त्यांच्याखाली लोखंडी टोपली असते. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची. ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकायची. जो कमीत कमी वेळा फेकून टोपली गाठेल तो जिंकला. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत १९७५ साली या खेळाचे पहिले कायमचे मैदान तयार झाले. ते एड हेड्रिक यांनी आखले होते. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच कल्पना. या गृहस्थांचे तबकडीवरील प्रेम पाहा! २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवण्यात आल्या.

या खेळाच्या तबकड्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. टोपलीजवळ वापरायची ती पटर, मधल्या अंतराची ती मिडरेंज आणि लांब फेकायची ती ड्रायव्हर. ड्रायव्हरची कड तिरकी आणि निमुळती असते, म्हणून ती हवा कापत जाते. अशा तिरक्या कडेची तबकडी डेव्ह डनिपेस यांनी १९८३ साली आणली आणि हा खेळच बदलला.

आता दुकानात ड्रायव्हर घ्यायला गेलात असे समजा. पुष्कळशा तबकड्यांवर चार अंक छापलेले दिसतील. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा आणि चौथा शेवटच्या वळणाचा. उदाहरणार्थ, 'लेपर्ड' नावाच्या तबकडीचे अंक ६, ५, उणे २, १ असे आहेत. 'डिस्ट्रॉयर'चे अंक आहेत १२, ५, उणे १, ३. तुम्ही कोणती उचलाल? बहुतेक नवे खेळाडू बारा अंकाची उचलतात. बारा सहाच्या दुप्पट, म्हणजे तबकडीही दुप्पट लांब जाईल, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे. तबकडी किती वेगाने जाईल हे तो अंक सांगत नाही. ती नीट उडावी म्हणून तुम्ही तिला किती वेगाने फेकले पाहिजे, हे तो सांगतो. मोठा अंक तुमच्या हाताकडून जास्त वेग मागतो.

तेवढा वेग मिळाला नाही तर काय होते? उजव्या हाताने, छातीसमोरून हात आणून फेकलेली तबकडी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग भरपूर असेल तेव्हा ती प्रथम थोडी उजवीकडे कलते. वेग कमी झाला की ती डावीकडे वळून खाली येते. हळू हाताने फेकलेली वेगवान तबकडी पहिला भाग जवळजवळ गाळूनच टाकते. हातातून सुटल्यावर थोड्याच वेळात ती डावीकडे वळते आणि झुडपात जाऊन पडते. मग खेळाडू आणखी जोर लावतो, खांदा दुखवून घेतो आणि तबकडी पुन्हा त्याच झुडपात जाते! (डावखुऱ्यांनी येथे डाव्याच्या जागी उजवे वाचावे.)

हळू हात असणे हा काही दोष नाही. लहान मुले, वयस्कर माणसे आणि नुकतेच शिकू लागलेले धडधाकट तरुणसुद्धा यांत येतात. आपला हात कसा आहे हे मैदानावर कळते. क्रिकेटची खेळपट्टी सुमारे २० मीटर लांब असते. तुमची चांगली फेक पावणेचार खेळपट्ट्यांच्या, म्हणजे सुमारे ७५ मीटरच्या आत पडत असेल, तर ६ किंवा ७ वेगाची ड्रायव्हर पुरे. तिसरा अंक उणे २ किंवा उणे ३ असावा आणि चौथा शक्यतो १ असावा. अशी तबकडी कमी वेगातही सरळ राहते आणि शेवटी फारशी वळत नाही. तिची कडही कमी रुंद असते, त्यामुळे लहान हाताला ती नीट धरता येते.

वजनही पाहावे. ड्रायव्हरचे वजन साधारणपणे १७५ ग्रॅमपर्यंत असते. हळू हाताला १५० ते १६५ ग्रॅमची तबकडी सोपी जाते, कारण हलक्या वस्तूला वेग देणे सोपे असते. मात्र जोराच्या वाऱ्यात हलकी तबकडी फार भरकटते. त्या दिवशी थोडी जड तबकडी बरी.

आता प्लॅस्टिकविषयी. एकाच साच्यातील तबकडी निरनिराळ्या प्लॅस्टिकमध्ये मिळते आणि प्रत्येकीचे उडणे थोडे वेगळे असते. लेपर्ड बनवणारी इनोव्हा ही कंपनी आपल्या साध्या प्लॅस्टिकला 'डीएक्स' म्हणते. ते स्वस्त असते आणि हातातून निसटत नाही, पण झाडावर आपटून लवकर झिजते. 'चॅम्पियन' कडक आणि टिकाऊ असते. थंडीत ते हाताला गुळगुळीत लागते. त्यातील तबकडी बहुधा डावीकडे जास्त ओढ घेते. 'स्टार' टिकाऊ असून हाताला अधिक मऊ लागते, पण किंमत जास्त. माझे मत विचाराल तर पहिली तबकडी साध्या प्लॅस्टिकचीच घ्यावी. महाग तबकडी तळ्यात गेली की जीव हळहळतो.

शिवाय त्या झिजण्याचा एक फायदा आहे. झाडांवर आपटून, दगडांवर घासून कड झिजली की तबकडीची डावीकडे वळण्याची ओढ कमी होते. जोरकस हाताच्या खेळाडूला अशी तबकडी आवरत नाही. ती उजवीकडे कलते आणि परत येतच नाही. हळू हाताकडे मात्र तीच तबकडी सरळ उडते. म्हणून जुन्या तबकड्यांची पेटी दिसली तर ती उघडून पाहा. कडेवरून बोट फिरवा. बारीक ओरखडे चालतील, मोठी चीर नको. तबकडी सपाट फरशीवर ठेवा आणि ती वाकडी झाली नाही ना, ते पाहा. मग खालच्या बाजूला शाईच्या जाड पेनाने नाव लिहिलेले आहे का ते बघा. मैदानात हरवलेली तबकडी सापडली, तर त्या नावाच्या मालकाला ती परत करण्याची खेळाडूंमध्ये रीत आहे.