सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट घेत नाही

पेट्रोलची व्हॅन मोरीवर किंवा खड्ड्यात जोरात आदळली आणि लगेच इंजिन बंद पडले. सेल्फ मारला तर जोमात फिरतो, दिवे लख्ख आहेत, काट्यावर पेट्रोल दिसते आहे, पण गाडी स्टार्ट घेत नाही. असे झाले तर टाकी उतरवायच्या आणि पंप बदलायच्या आधी एका लहानशा कळीकडे लक्ष गेले पाहिजे. तिला फ्यूएल कट-ऑफ स्विच म्हणतात. जुन्या फोर्ड आणि फियाट गाड्यांत तो असायचा, इतरही काही गाड्यांत असतो. ज्यांच्या गाडीत आहे त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

माझी व्हॅन सेकंडहँड घेतलेली. पालमकडच्या एका गावरस्त्याने गंगाखेडला येत होतो. गाडीत डोळे दाखवायला परभणीला निघालेल्या दोन आजीबाई आणि त्यांची माणसे. आमच्या परभणी जिल्ह्यातली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. सिमेंटची मोरी मात्र जागची हलत नाही. त्यामुळे मोरीच्या दोन्ही तोंडांशी रस्ता खचून पायरी तयार होते. वेग बेताचा असला तरी त्या पायरीवरून पुढचे चाक धाडकन खाली येते. तसेच ते आले, आणि पुढच्या दोन-तीन क्षणांत इंजिन शांत झाले.

गंगाखेडहून मिस्त्री आला. तरुण, मेहनती पोरगा. त्याने प्लग काढून पाहिले, बॅटरी पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, पंप गेलाय. टाकी उतरवावी लागंल." आजीबाईंना दुसऱ्या गाडीत बसवून दिले आणि व्हॅन टोचन करून परभणीला आणली. तिथे गाड्यांच्या वायरिंगचे काम करण्यात आयुष्य घालवलेले एक चाचा आहेत. त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही. मला म्हणाले, "चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका." आणि मागच्या सीटजवळ कान लावून बसले.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. तो आवाज आला तर पंपाला करंट मिळतो आहे, बिघाड दुसरीकडे शोधायचा. आवाज नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, मग कट-ऑफ स्विच, आणि या तिन्हींतून सुटलो तरच पंप. माझ्या गाडीत आवाज नव्हता. फ्यूज शाबूत होता, रिले टकटक करत होता. चाचांनी पुढच्या प्रवाशाच्या पायाजवळचे प्लास्टिकचे कव्हर काढले. आत काळ्या डबीवर एक बटण उसळून वर आलेले होते. टेस्ट लॅम्प लावला तर एका वायरीवर पेटला, दुसऱ्या वायरीवर नाही. म्हणजे करंट डबीपर्यंत येत होता आणि तिथेच थांबत होता.

डबीतली रचना अगदी साधी आहे. नरसाळ्यात गोटी ठेवावी तशी एक पोलादी गोळी आत बसलेली असते आणि खालच्या चुंबकाने ती धरून ठेवलेली असते. गाडी धडकली की गोळी चुंबकाची पकड सोडून उतारावरून वर उसळते, वरच्या पट्टीला धडकते आणि पंपाचे कनेक्शन तोडते. बटण दाबले की पट्टी पुन्हा जागेवर बसते. धक्का ट्रकचा होता की मोरीचा, हे त्या गोळीला कळत नाही. साधारण खड्ड्याने ती हलू नये एवढी पकड ठेवलेली असते, तरी कधीकधी नको तेव्हा सुटते.

चाचांनी बटण लगेच दाबले नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच. त्यांनी चावी बंद करायला लावली, गाडीखाली वाकून टाकीपासून इंजिनापर्यंतची लाइन पाहिली, जमिनीवर ओल आहे का पाहिले, खाली नाक नेऊन वास घेतला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते, म्हणून उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. काही नाही म्हटल्यावर बटण दाबले. चावी काही सेकंद ऑन करून पुन्हा बंद केली, आणि परत खाली पाहिले, कारण आता लाइनीत दाब आलेला असतो आणि गळती असेल तर ती आत्ता दिसते. मग सेल्फ. गाडी लगेच सुरू झाली.

आठवडा गेला नसेल, गाडी तशीच पुन्हा बंद पडली, तीही एका साध्या गतिरोधकावर. या वेळी बटण मीच दाबले, आधी खाली पाहून. पण वारंवार असे व्हायला लागले तेव्हा ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने सुचवले, "डायरेक्ट करून टाकू. दोन वायरी जोडल्या की कटकट मिटली." असे डायरेक्ट केलेल्या गाड्या आपल्याकडे किती फिरत असतील, या विचाराने मला खरोखर काळजी वाटते.

इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोल साधारण तीन बार दाबाने पुढे ढकलतो. टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो त्याहून हा दाब जास्त. धडकेत इंजिनाजवळची नळी फाटली तर पेट्रोलची धार उडते, आणि शेजारीच तापलेला सायलेन्सरचा पाइप असतो. इंजिन बंद पडले की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर पंप थांबवतो, हे खरे. पण पुष्कळदा गाडी धडकते, कलंडते आणि इंजिन चालूच राहते. तेव्हा पंप थांबवणारी ही डबीच असते. शिवाय काही जण डायरेक्ट करताना रिलेलाच वळसा घालतात, मग कॉम्प्युटरचाही पंपावर ताबा राहत नाही. उसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अशा रस्त्यावर, सात-आठ माणसे घेऊन, मी ती डबी काढून टाकायची?

या डबीने सगळे निभावते असेही नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. ती डिझेलची मोठी बस, तिथला मामला वेगळा. टाकीच फुटली तर कोणताही स्विच आग अडवू शकत नाही. तो फक्त पंपाला मागून ढकलू देत नाही. पण आग लागल्यावर माणूस बाहेर काढायला मिळणारे एखादे मिनिट यावर ठरू शकते.

माझ्या गाडीचे पुन:पुन्हा बंद पडणे चाचांनीच सोडवले. डबी ज्या पट्टीवर बसवलेली होती तिचा एक बोल्ट गायब होता, बहुधा आधीच्या मालकाकडे कुठलेसे काम करताना निघालेला. सैल डबी प्रत्येक धक्क्याला स्वतः हिसके खात होती. ती घट्ट आणि अगदी उभी बसायला हवी, कारण तिरकी बसली तर गोळीची पकड कमी होते. कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी झिरपून हिरवा गंजही धरला होता. तो साफ केला, बोल्ट लावला, त्यानंतर त्रास नाही. घट्ट आणि सरळ बसवूनही कोणाची डबी सुटत असेल तर ती बदलावी, पंपापेक्षा ती पुष्कळ स्वस्त असते.

नव्या गाड्यांत अशी डबी सहसा नसते. एअरबॅगचा कॉम्प्युटर धडक ओळखून पेट्रोल तोडतो आणि ते परत चालू करायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी असते, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ती दिलेली असते. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीत हा प्रकारच नसतो. तिथे शोधत बसू नये.

आणि धडक खरी असेल, पत्रा चेपला असेल, कोणाला लागले असेल, तर बटणाला हातच लावू नका. चावी बंद करा, माणसांना गाडीपासून लांब न्या, विडी-सिगारेट कोणालाही ओढू देऊ नका, १०८ आणि ११२ ला फोन करा. गाडी टोचनने जाईल.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी एक करावे. डबी कुठे आहे ते विक्रेत्याला विचारावे. ती पुढच्या पायांपाशी कव्हरमागे असेल, नाहीतर डिकीत बाजूच्या पॅनलमागे. मोकळ्या जागी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, जाणत्या इलेक्ट्रिशियनला तिचा कनेक्टर ओढायला सांगावे. काही क्षणांत इंजिन बंद पडले तर ठीक. चालतच राहिले, तर टेपखाली कोणीतरी दोन वायरी जोडून ठेवल्या आहेत. त्या सोडवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.