पंचाहत्तरावा चेंडू

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण बेसबॉल खेळता. मी मात्र तो बेलव्ह्यूला आल्यावर, तिशी उलटल्यावर शिकलो. लहानपणी आम्ही गल्लीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो. म्हणून माझ्या मुलाच्या संघाला मदतनीस हवा होता, तेव्हा कोचने मला सगळ्यात सोपं काम दिलं. पिचरने टाकलेले चेंडू मोजायचे! हातात छोटा क्लिकर. चेंडू टाकला की टिक्.

मला वाटलं, हे काय काम आहे? पण ते वाटतं तेवढं सोपं नाही.

क्रिकेटमध्ये षटकात सहा चेंडू असतात. चार षटकं म्हणजे चोवीस चेंडू. (वाइड, नो-बॉल सोडून द्या.) बेसबॉलमध्ये मात्र तीन जण बाद होईपर्यंत इनिंग चालते. ती आठ चेंडूंत संपेल, नाहीतर तीस लागतील. म्हणून लिटल लीगने २००७ पासून पिचरसाठी इनिंग मोजणं सोडलं आणि चेंडू मोजायला सुरुवात केली. ९-१० वर्षांच्या मुलांना दिवसाला ७५ चेंडू, ११-१२ वर्षांच्या मुलांना ८५. आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद.

एवढी काळजी कशाला? तुमची हाडं अजून वाढताहेत ना! हाड जिथून वाढतं, तो भाग नाजूक असतो. जोरात चेंडू फेकताना कोपराला आतल्या बाजूने ताण बसतो. तो पुन्हा पुन्हा बसला, की तो नाजूक भाग दुखावतो. आणि मुलं दुखतंय म्हणून सांगतच नाहीत!

एका शनिवारी आमचा संघ ४-३ ने पुढे होता. शेवटची, म्हणजे सहावी इनिंग. समोरच्या संघाचे दोघं बाद, एक जण दुसऱ्या बेसवर. आमचा दहा वर्षांचा पिचर झकास टाकत होता. समोर नवा बॅटर आला आणि क्लिकरवर आकडा आला ७५.

चालू बॅटर पूर्ण करायची परवानगी असते. पण तो ७७व्या चेंडूवर चालत पहिल्या बेसवर गेला. कोचने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगू? "अजून ७४च झालेत" म्हणावं, असं क्षणभर मनात आलं.

मी म्हटलं, "सत्त्याहत्तर."

पिचर बदलला. तो मुलगा तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला, पण डोळे माझ्यावर. "काका, तुम्ही चुकीचं मोजलंत!" नव्या पिचरचा दुसराच चेंडू बॅटरने लांब मारला. दोघंही धावत घरी आले. ५-४. हरलो.

परत जाताना तो आमच्याच गाडीत होता. बराच वेळ गप्प. मग बोटांवर मोजायला लागला, तेही मराठीत: "रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार... काका, म्हणजे गुरुवारी मी टाकू शकतो?"

"हो," मी म्हटलं. "गुरुवारी."

शब्दार्थ
तिशी उलटणे – वयाची तीस वर्षं पूर्ण होणे
षटक – क्रिकेटमधली ओव्हर
झकास – फार छान

सांगा पाहू
१. काकांच्या मनात क्षणभर काय आलं? तुम्ही त्यांच्या जागी काय म्हणाला असता?
२. मंगळवारी ७० चेंडू टाकले, तर पुन्हा पिचिंग कोणत्या वारी करता येईल? वारांची नावं मराठीत मोजा.