'हॅव'चे कानमंत्र

मुलाखत तोंडावर आली म्हणतेस, तर आता जडजड क्रियापदं घोकत बसू नकोस. आत्याचं ऐक, 'हॅव' एवढं पक्कं कर. आपल्या मंडळींची जीभ हमखास तिथे घसरते, कारण मराठीत त्याच्या जोडीचं क्रियापदच नाही. आपल्याला भाऊ असतो, आपल्याकडे पैसे असतात, घराला दोन दारं असतात; इंग्रजीत सगळीकडे एकच 'हॅव'.

पहिलं, 'हॅविंग'चं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणायचं नाही. वाक्य आधी मनात मराठीत म्हण. 'मला ताप आहे' असं नुसतं 'आहे' आलं, की 'आय हॅव अ फीवर'. 'जेवतेय', 'त्रास होतोय' असं काही चाललेलं असेल, तर 'हॅविंग' खुशाल वापर. 'आय ॲम हॅविंग लंच' अगदी बरोबर. ठरलेला कार्यक्रम तेवढा अपवाद: उद्या पार्टी 'आहे', तरी 'वी आर हॅविंग अ पार्टी टुमॉरो'. मुंबईच्या निस्सीम इझिकेलांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता मिळाली तर वाच. आपल्या 'इंग'च्या हौसेची त्यात छान फिरकी घेतली आहे.

दुसरं, 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत खपतं. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' खपत नाही. काल, परवा, 2022 साली अशी वेळ सांगितलीस की 'हॅव' गाळायचं. 'आय ग्रॅज्युएटेड इन 2022', बस्स.

तिसरं, 'मला जायचंय' म्हणताना मनापासून जायचंय की जावं लागतंय, ते बघ. इच्छा असेल तर 'वाँट टू', नाइलाज असेल तर 'हॅव टू'. आणि कुणी 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हटलं तर रुसू नकोस. येऊ नकोस असं नव्हे, नाही आलीस तरी चालेल, एवढंच ते.

चौथं, पार्लरमध्ये केस कापून घेतलेस तर 'आय हॅड माय हेअर कट'. आपलं 'करून घेणं' ते हेच.

आणि 'डज', 'डिड' आलं की पुढे 'हॅज', 'हॅड' नको, साधं 'हॅव'च. 'डज शी हॅव अ लायसन्स?'

मुलाखतीच्या शेवटी बहुधा विचारतात, 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?' 'नो सर' म्हणून उठू नकोस. कामाबद्दलचा एक नेमका प्रश्न आजच वहीत लिहून ठेव, आणि सुरुवात कर: 'येस, आय हॅव वन.'